पाच दिवस उघडी छाती

उमरग्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तुरीच्या दिवसांत गेलात तर शेडच्या पायरीवर फाटक्या बारदान्याच्या ढिगात बसलेली एक बाई दिसेल. काळी, काटक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात वीतभर लांब दाभण आणि तोंड चालू. ती शिवम्माक्का. तिच्याशी वाद घालू नका. मी तिचा तीस वर्षांचा शेजारी. बसस्टँडसमोर माझं मेडिकलचं दुकान आहे, अर्ध्या तालुक्याला गोळ्या दिल्यात, लोक मला कौतुकानं ‘डॉक्टर’ म्हणतात. पण त्या बाईशी वाद घालून मी एकदाही जिंकलेलो नाही.

तिचं काम म्हणजे जुनी पोती सांधायची आणि हंगामात भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायची. नवरा लवकर गेला. एक मुलगी, शिवप्रिया. तिला अक्कानं दाभणाच्या जोरावर बारावीपर्यंत शिकवलं आणि सास्तूरच्या वीरप्पांच्या घरात दिलं. घर खातंपितं, जावई बसवराज ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला, स्वभावानं गरीब. इतका गरीब, की बापासमोर त्याचा आवाज फुटत नाही. याच गोष्टीनं पुढं आमच्या तोंडचं पाणी पळवलं.

अक्काचा एक हट्ट सगळ्या मोंढ्याला माहीत आहे. ठासून भरलेल्या पोत्याला ती टाका घालत नाही. हमालानं गुडघा लावून तोंड आवळून धरलं, आडत्यानं वर उभं राहून ‘शिव गं लवकर, ट्रक उभाय’ म्हणून ओरडलं, तरी ही दाभण मांडीवर ठेवून बसणार. “आदी दोन पायली काडा. जागा हुंदे. मग शिवते.” एकदा एका घाईखोर आडत्यानं दुसऱ्याकडून शिवून घेतलं, तर माल चढवताना पाच पोत्यांचे टाके उसवून तूर रस्त्याभर झाली. अक्का कोंबड्या हाकलत हसत होती. वाईट खोड आहे तिची, दुसऱ्याचं चुकलं की हसते.

दोन वर्षांपूर्वी शिवप्रिया बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. दुसऱ्याच दिवशी ओठ निळे पडायला लागले. रडली की नखंसुद्धा निळी. मी म्हणालो, थंडी वाजत असेल, गुंडाळून ठेवा. हे मी म्हणालो, लिहून ठेवतो. बालरोगाच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि सरळ हैदराबादची वाट दाखवली. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या उलट्या जागी जोडलेल्या होत्या. चांगलं रक्त फिरून फुप्फुसात आणि वाईट रक्त फिरून अंगात. ऑपरेशन लगेच, नाहीतर पोर जाणार.

शिवप्रिया, बसवराज आणि अक्काबरोबर मीही गेलो. मला औषधांतलं कळतं, इंग्रजी कागद वाचता येतात, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस अशा वेळी घरी बसूच शकत नाही.

मंगळवारी ऑपरेशन झालं. सकाळी आठला नेलेलं पोर चारला बाहेर आलं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आमच्यासमोर उभे राहिले आणि हिंदीत सावकाश सांगू लागले. ऑपरेशन चांगलं झालंय. नळ्या आपापल्या जागी लावल्यात. पण हृदयाला सूज आहे. आत्ता हाड जोडून छाती बंद केली तर हृदय आतल्या आत दाबलं जाईल, त्याला फुलायला जागा राहणार नाही. म्हणून छाती उघडी ठेवलीय, वरून पातळ पडदा शिवलाय. सूज उतरली की बंद करू. दोन दिवस लागतील, कदाचित पाच. इतक्या लहान बाळांत असं बऱ्याचदा करावं लागतं, मोठ्या माणसांतही कधीकधी.

मला त्यातलं फक्त ‘छाती उघडी ठेवलीय’ एवढंच ऐकू आलं. बसवराज भिंतीला टेकला. आतल्या खोलीत शिवप्रिया होती, ओली बाळंतीण, तिला हे कसं सांगायचं?

शिवम्माक्कानं पदर खोचला आणि डॉक्टरांना आपल्या दखनी हिंदीत विचारलं, “मतलब, टाका डालनेका रहा है, इतनाच ना?”

“इतनाही.”

“तो जल्दी मत करो, साब. दबाके सिया तो फटताच.”

डॉक्टर हसले. आठ तास उभं राहून आलेला माणूस तो, पण हसला. “अम्मा, यही बात मैं आधा घंटा समझाता हूँ लोगों को,” असं म्हणून गेले.

मग अक्का आमच्याकडं वळली. “तोंडं कशाला पाडलीत? उगडी ठिवली म्हंजी सोडून दिली न्हाय. सोडून द्यायची असती तर शिवून हातात दिली असती. परत शिवायची हाय म्हणूनच उगडी ठिवलीय.”

मी बाहेर जाऊन सास्तूरला वीरप्पांना फोन लावला. हे काम मी अंगावर घेतलं, कारण बसवराजला बोलवेना. आणि मी काय बोललो? “अप्पा, ऑपरेशन झालं. पण छाती उघडीच ठेवलीय.”

पलीकडून म्हातारा म्हणाला, “उगडी? मुडद्याची ठिवत्यात तशी?”

मी खाकरलो. “तसं नाही... म्हणजे, आता देवाच्या हातात आहे.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. अक्कानं डॉक्टरांचं बोलणं एका वाक्यात बसवलं होतं, तेवढं एक वाक्य पोचवायला काय झालं होतं मला? त्या फोनची मला आजही लाज वाटते.

बुधवारी सकाळी पाच मिनिटं आत जायला मिळालं. शिवप्रियाला धरून अक्का गेली, मी काचेबाहेर. अंगात हिरवा झगा, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. नात पेटीसारख्या खाटेवर, नळ्यांच्या जाळ्यात. अक्का वाकली, तोच आतली सिस्टर ओरडली आणि तिनं अक्काचा खांदा धरून मागं ओढलं. दीपमाला सिस्टर, बिदरकडची, अक्काशी कानडीत बोलायची. ती अक्काच्या कपाळाकडं बोट दाखवत होती. विभूती. वाकल्यावर भस्माचे कण खाली झडत होते आणि खाली त्या लेकराची छाती उघडी होती, मधे केवळ एक पडदा. एवढ्याशा राखेनं, एका जंतूनं सगळ्या कष्टांवर पाणी पडलं असतं.

आता हे बाहेरच्यांना कळणार नाही. आमच्या लिंगायतांत पोर पोटात असतानाच त्याच्या नावानं लिंग धरतात आणि सकाळी कपाळाला विभूती लावल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. कोरं कपाळ म्हणजे घरात काहीतरी घडलंय. अक्कानं चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कपाळ कोरं ठेवलं नव्हतं, नवरा गेला त्या दिवशीही नाही. ती बाहेर आली, बेसिनपाशी गेली आणि साबणानं कपाळ खसाखसा धुतलं. दोनदा. पिशवीतली विभूतीची गोळी काढून माझ्या हातात दिली.

“शिवायचं व्हईस्तोर तुज्याजवळ ठेव. माज्याजवळ असली तर हात जाईल.”

“लोक काय म्हणतील, अक्का?”

“लोकास्नी काय, लोकं पोतं फाटलं की दाणं गोळा करायला येत्यात.”

त्या कोऱ्या कपाळानं ती पाच मिनिटांत दहा वर्षांनी मोठी दिसायला लागली. पण चालणं तेच, बोलणं तेच. सिस्टरनं सांगितलं की सूज लघवीवाटे उतरते, त्यासाठी औषध चालू आहे. झालं! त्या दिवसापासून अक्का दर दोन तासांनी काचेच्या दारापाशी उभी. दीपमाला सिस्टर आतून दिसली की भर कॉरिडॉरमध्ये हिची हाळी, “किती मुतली?” हैदराबादची चांगली शिकलेली माणसं बाकांवर बसलेली, मी खाली मान घालून फोनमध्ये बघायचो. सिस्टर बोटांवर आकडा दाखवायची. चाळीस मिली म्हटलं की अक्का नाराज, साठ म्हटलं की खूश, आणि एकदा नव्वद झाली तेव्हा तिनं त्या सगळ्या शिकलेल्या माणसांना केळी वाटली.

शुक्रवारी डॉक्टरांनी छाती बंद करून पाहिली. हाडं जवळ आणली, आणि बाळाचा रक्तदाब भसकन खाली आला. लगेच परत उघडी केली. डॉक्टर म्हणाले, अजून जागा नाही, दोन दिवस थांबू. घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं कारण नाही हे ऐकल्यावर बसवराज जितका घाबरला तितका मी माणूस घाबरलेला पाहिला नाही. त्यानं बापाला फोन केला.

शनिवारी अकरा वाजता वीरप्पा स्वतः आले, उमरग्याहून जीप करून. पासष्टीचा ताठ माणूस, पांढरं धोतर, डोक्याला पटका, कपाळभर विभूती. आल्या आल्या बसवराजच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सही कर. पोर घेऊन जाऊ.”

अक्का आडवी उभी राहिली. “कुठं?”

“सास्तूरला. घरी.”

“आन तितं कोन हाय, मशीन लावनारं?”

“विहीनबाई, बास झालं आता. दोनदा फाडली तिला. जायचंच आसंल तर घरी जाऊ द्या. आपल्या मातीत.”

मी मधे पडून म्हणालो की श्वासाची नळी काढली तर पोर वाटेतलं झहीराबादसुद्धा गाठणार नाही. त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. “तुमीच मनलं ना, देवाच्या हातात हाय?”

मग ते खाली बसले आणि हळू आवाजात जे बोलले ते अक्कालाही माहीत नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची थोरली मुलगी गेली होती, चार वर्षांची, बसवराजच्या जन्माआधीची. ढिगाऱ्यातून कुणाला काढलं, कुठं नेलं, कुणाला पुरलं, कुणाला जाळलं, त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. मंत्र म्हणायला जंगम नाही, विभूती नाही, आमच्या रीतीप्रमाणं मांडी घालून बसवून पुरणं नाही. “माज्या पोरीला जागा मिळाली न्हाय. कुटं हाय ती, मला ठावं न्हाय. हिला तरी नीट बसवू द्या.”

बसवराजनं खिशातलं पेन काढलं होतं. शिवप्रिया भिंतीकडं तोंड करून उभी. मला वाटलं, संपलं.

अक्का त्यांच्यासमोर फरशीवर बसली. विहीण व्याह्यासमोर अशी बसत नाही, पण बसली.

“अण्णा, तुमची पोर गेलेली व्हती. ही गेलेली न्हाय. तुमी तिला बगितली का?”

“काय बगायचं?”

“बगा. सही नंतर करा, म्या आडवनार न्हाय. पर न बगता न्यायचं न्हाय. पाच मिनिटं हायेत आता, म्या जात न्हाय, तुमी जावा.” आणि मग तिनं बेसिनकडं बोट केलं. “पर कपाळ धुवून.”

वीरप्पा ताडकन उठले. कपाळाची विभूती पुसायला सांगायची, तीही एका बाईनं, तीही मुलाच्या सासूनं! तेव्हा त्यांचं लक्ष अक्काच्या कपाळाकडं गेलं. आल्यापासून त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. म्हातारा एकदम थबकला.

“तुमी पुसलं?”

“चार दिस झालं.”

ते बेसिनपाशी गेले. पाणी सोडलं. बराच वेळ नुसतं वाहू दिलं, मग ओंजळ भरली. मी तोंड फिरवलं. दुसऱ्याच्या देवघरात डोकावल्यासारखं वाटलं मला.

झगा, मास्क, टोपी घालून ते आत गेले. मी आणि अक्का काचेला नाक लावून. दीपमाला सिस्टरनं काहीतरी सांगितलं आणि छातीवरचं कापड अलगद बाजूला केलं. पारदर्शक पडद्याखाली ते चाललं होतं. लिंबाएवढं, लालसर, थडथड थडथड. माणसाचं हृदय मी औषधांच्या कंपनीच्या कॅलेंडरवर तेवढं पाहिलेलं. हे एवढंसं, आणि काय जोर त्याचा! वीरप्पा खिळून उभे होते. पाच मिनिटं झाली, सिस्टरनं खूण केली, तरी हलेनात. तिनं हात धरून बाहेर आणलं.

बाहेर येऊन त्यांनी बसवराजच्या हातातलं पेन घेतलं आणि आपल्या खिशाला लावलं. जीपवाल्याला म्हणाले, “तू जा.” बस्स. त्यानंतर रविवारपर्यंत तो माणूस त्या बाकावरून फक्त लघवीचा आकडा विचारायला उठला. म्हणजे आता कॉरिडॉरमध्ये ओरडणारे दोघं झाले.

रविवारी सकाळी पुन्हा घेतलं. हाडं जवळ आणली, तारेनं बांधली. रक्तदाब जागेवर. वरून कातडी शिवली. साडेअकराला डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी अक्कालाच आधी गाठलं. “अम्मा, टाका डाल दिया. आराम से बैठा.”

शिवप्रिया ‘आई’ म्हणून तिच्या गळ्यात पडली. बसवराज उभ्या उभ्या लेकरासारखा रडला. मीही रडलो, लपवत नाही. अक्का रडली नाही. “म्या मनलंच व्हतं,” असं तीनदा म्हणाली आणि प्रत्येकाला चहा प्यायला खाली जायला सांगू लागली. मला तिचा जरा रागच आला. एवढी कसली खात्री असते माणसाला?

वीरप्पा कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलत होते. दबक्या आवाजात, पण त्या कॉरिडॉरमध्ये कुजबुजसुद्धा घुमते.

“रेवणसिद्धा, कुटं हायस? शेतातच हायस ना? ऐक. बांदावरचा खड्डा बुजव. व्हय. आत्ता.”

रेवणसिद्ध त्यांचा पुतण्या. अक्का चहाचा कप घेऊन तिथंच थांबली.

“कसला खड्डा?”

वीरप्पांनी फोन कानापासून खाली घेतला. खोटं बोलायची त्या माणसाला सवय नाही. “काल निगताना खनायला सांगून आलतो. मनलं, दिस मावळायच्या आत बसवायला पायजे.”

मंगळवारचा माझा फोन, माझं खाकरणं, ‘देवाच्या हातात’. सास्तूरच्या शेतात काल दुपारपासून एक खड्डा तोंड उघडून बसला होता आणि आम्ही इकडं लघवीचे आकडे मोजत होतो.

“किती खोल खनला?” अक्कानं विचारलं.

वीरप्पांनी फरशीपासून हात वर धरला. गुडघ्याएवढा. तेवढाच लागणार होता.

अक्काच्या हातातला कप पडला. ती भिंतीला धरून खाली बसली आणि पाच दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. आवाज आवरेना. शिवप्रिया धावली, दीपमाला सिस्टर दार उघडून बाहेर आली. वीरप्पा नुसते “विहीनबाई, अवो विहीनबाई” करत उभे. जरा वेळानं तिनं डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं नाही, फक्त हात पुढं केला.

“फोन लावा परत.”

लावला. त्यांनी स्पीकर चालू केला. पलीकडं वारा, आणि रेवणसिद्धचा धापा टाकणारा आवाज. “बुजवायलोय काका. निम्मा झालाय.”

“फोन कापू नगंस,” अक्का म्हणाली. “बाजूला ठेव, पर बंद करू नगंस. पुरा व्हईस्तोर.”

आम्ही पाचही जण त्या बाकाभोवती बसलो. सास्तूरच्या काळ्या मातीत फावडं जात होतं, ओढलं जात होतं, ढेकळं पडत होती. प्रत्येक फावड्याला अक्का मान हलवत होती. मधेच रेवणसिद्ध दमून थांबला तर वीरप्पा फोनवर वाकून ओरडले, “थांबू नगं!” किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी फावड्याची पाठ मातीवर आपटल्याचे चार-पाच आवाज आले, मग पायानं तुडवल्याचे.

“झालं, काका,” रेवणसिद्ध म्हणाला. “सपाट केलंय.”